दोन गांवांचा एक देव

युरोपचा मध्ययुगीन इतिहास शिकवितांना एका प्रकरणापाशीं आम्ही दरवर्षीं अंमळ थांबतों. इ. स. ८२८ मध्यें व्हेनिसच्या दोन व्यापाऱ्यांनीं अलेक्झांड्रियाहून सेंट मार्कच्या अस्थि पळवून आणल्या, आणि बंदरावरील मुसलमान अधिकाऱ्यांनीं पेटारा तपासूं नये म्हणून त्यांवर डुकराचें मांस पसरून ठेविलें, अशी कथा त्या नगरींत आजहि सांगतात. पुढें १०८७ मध्यें बारी बंदराच्या खलाशांनीं आशियामायनरमधील मायरा येथून सेंट निकोलसच्या अस्थि उचलल्या आणि स्वतःच्या गांवीं नेल्या. विद्यार्थी हंसतात. ज्या संताची पूजा करावयाची त्याचीच चोरी करावयाची, ही गोष्ट त्यांस विलक्षण वाटते. पॅट्रिक गिअरी या इतिहासकारानें १९७८ मध्यें अशा चोऱ्यांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. त्यांतील मौजेचा भाग असा कीं, नेणारे आपणांस चोर असें कधींच म्हणवून घेत नसत. संताच्याच मनांत गांव सोडावयाचें होतें. नसतें तर त्याच्या सामर्थ्यापुढें आमचें काय चालणार होतें, असा त्यांचा युक्तिवाद असे.

एका वर्षीं हें प्रकरण संपतां संपतां मागल्या बाकावरून एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्याकडे देव चोरून नेत नाहींत, कागद करून नेतात, आणि ठरल्याप्रमाणें परत आणतात." वर्गांत पुन्हां हंशा पिकला. मुलगा तुळजापूर तालुक्यांतील होता. तास संपल्यावर त्यास बोलावून आम्हीं सविस्तर विचारलें, आणि त्याच वर्षीं मार्गशीर्षांत अणदूरची वाट धरली. खंडोबा हें आमचें कुलदैवत. चंपाषष्ठीस घरीं तळी भरली नाहीं असें एकहि वर्ष आम्हांस आठवत नाहीं. असें असून, तीस वर्षें परक्या देशांतील संतांच्या मिरवणुका शिकविणाऱ्या मनुष्यास आपल्याच देवाचा हा प्रवास एका विद्यार्थ्याच्या तोंडून कळावा, यांतील लाज लपविण्यांत अर्थ नाहीं.

अणदूर हें सोलापूर-हैदराबाद राजमार्गावरील, नळदुर्गाच्या अलीकडचें गांव. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव, ज्यास २०२३ पर्यंत सरकारदप्तरीं उस्मानाबाद म्हणत असत. नळदुर्गाचा किल्ला पाहावयास सोलापुराकडून जाणारे प्रवासी अणदूर ओलांडूनच पुढें जातात, परंतु येथें उतरणारा क्वचित्. उतरतो तो बहुधा खंडोबाचा भक्त असतो. या गांवीं खंडोबाचें देऊळ आहे. तसेंच दुसरें देऊळ नळदुर्गाजवळ बोरी नदीच्या कांठीं आहे, आणि त्या स्थानास मैलारपूर म्हणतात. देवळें दोन; मूर्ति मात्र एक. वर्षांतील दहा महिन्यांहून अधिक काळ ती अणदूरास असते. मार्गशीर्षांत चंपाषष्ठी होऊन गेल्यावर अणदूरची यात्रा भरते आणि रात्रीं देव नळदुर्गाकडे निघतो. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा मैलारपुरास होते. सुमारें दोन महिन्यांचा हा मुक्काम संपला म्हणजे देव अणदूरास परत येतो. प्रत्येक खेपेस, नेतांना काय किंवा आणतांना काय, दोन्ही गांवांचे मानकरी एकत्र बसतात आणि लेखी करार करतात.

आतां देवानें ऋतुमानाप्रमाणें घर बदलणें ही हिंदुस्थानांत कांहीं अपूर्व गोष्ट नव्हे. केदारनाथाचें देऊळ हिमामुळें बंद झालें कीं त्याची पूजा उखीमठास चालते. गंगोत्रीची गंगामाई हिंवाळ्यापुरती मुखबा गांवीं उतरते. परंतु तेथें हिमालयच आज्ञा करतो, आणि देव व पुजारी दोघेहि ती पाळतात. अणदूर आणि नळदुर्ग यांच्या हवेंत काडीचा फरक नाहीं. तीच काळी जमीन, तीच शाळूचीं शेतें, तोच कोरडा गार वारा. दोहोंतील अंतर इतकें थोडें कीं पायीं चालणारा मनुष्य एका रात्रींत तें सहज कापील. देवानें एक घर सोडून दुसऱ्या घरीं जावें, याला निसर्गांत कसलेंहि कारण नाहीं. कारण शोधावयाचें तें माणसांतच शोधलें पाहिजे, आणि म्हणूनच हा विषय आमच्या मतें इतिहासाचा आहे.

ज्या देवाची ही गोष्ट तो मुळांतच कोणा एकाचा नव्हे. संस्कृत 'मल्हारिमाहात्म्य' त्यास शिवाचा अवतार मार्तंडभैरव करतें आणि मणि व मल्ल या दैत्यांचा वध त्याच्या हातून करवितें. कर्नाटकांत तो मैलार होतो, तेलंगणांत मल्लण्णा. आपण ज्या 'येळकोट'चा घोष करतों तो शब्द कानडी 'एळु कोटि', म्हणजे सात कोटि, असा फोडून दाखवितात. मराठी भक्त तो अर्थ न कळतांच शतकानुशतकें उच्चारीत आला आहे, आणि त्यावांचून त्याचें कांहीं अडलें नाहीं. धनगर त्यास आपला म्हणतात, लिंगायत वाणी जांवई म्हणतात, ब्राह्मणांच्या देव्हाऱ्यांत त्याचा टाक असतो, आणि मल्लूखान, अजमतखान हीं त्याचींच नांवें. डॉ. रा. चिं. ढेरे यांनीं मराठींत आणि गुंथर सोंथायमर या जर्मन पंडितानें १९७६ च्या आपल्या ग्रंथांत या देवाच्या बहुविध नात्यांचा जो मागोवा घेतला आहे, तो वाचल्यावर एवढें तरी मनांत ठसतें कीं, हा देव लग्नें करून समाज जोडीत गेला. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची, रंभाई शिंप्याची, फुलाई माळ्याची, चंदाई तेल्याची. म्हाळसा आणि बाणाई यांचें पटत नाहीं हा तर वाघ्यामुरळींच्या गाण्यांचा आवडता विषय. जेजुरीस म्हाळसा गडावर देवाजवळ आहे आणि बाणाईचें देऊळ वाटेवर निराळें आहे. दोन घरें सांभाळण्याची या देवास पूर्वापार संवय आहे असें म्हटलें तर भक्तमंडळी रागावणार नाहींत, कारण हा विनोद मूळचा त्यांचाच आहे.

जोतीराव फुले यांनीं १८७३ च्या 'गुलामगिरी'त याच खंडोबास बळीराजाच्या राज्यांतील एका खंडाचा अधिकारी ठरविलें. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें तें मत टिकेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु या देवाचा संबंध हद्दीशीं, वसुलाशीं आणि गांवच्या कारभाराशीं आहे, हें फुल्यांच्या चाणाक्ष दृष्टीनें बरोबर टिपलें होतें, आणि अणदूरास गेल्यावर त्याची आठवण आम्हांस वारंवार झाली.

यात्रेचें वर्णन करीत बसण्याचा आमचा विचार नाहीं. महाराष्ट्रांत ज्यानें एक यात्रा पाहिली त्यानें पाळणे, रेवड्या, बांगड्यांचीं दुकानें आणि धुरळा हीं सर्व पाहिलीं आहेत. येथें विशेष तो भंडाऱ्याचा. हळदीची ती पूड सायंकाळपर्यंत इतकी उधळली जाते कीं पागोटीं, टोप्या, बायकांचे पदर, पायरीवर झोंपलेलें कुत्रें, सर्व एकाच रंगाचीं होतात. वाघे दिमडी वाजवीत होते. ठिकठिकाणीं पांच-पांच जण ताम्हनास हात लावून तळी उचलीत होते आणि खोबऱ्याचे तुकडे वांटले जात होते. रात्र चढली तशी थंडी बोंचूं लागली. आम्ही देवळाजवळच्या एका ओट्यावर घोंगडी पांघरून बसलों होतों. शेजारीं एक वृद्ध बाई नातवास घेऊन बसली होती. तिला आम्हीं विचारलें, "आजी, देव जातो तर वाईट वाटत नाहीं का?" ती म्हणाली, "वाईट कशाचं? लेक सासरी जाती तसं हाय. पर हुरड्याच्या दिसांत देव कधीच घरी नसतो बघा. पयलं कणीस तिकडंच न्यावं लागतं." नंतर थोडें थांबून ती म्हणाली, "तिकडच्यांचा बी हायच की तो."

हें शेवटचें वाक्य आम्हीं त्याच रात्रीं टिपून ठेविलें. पुढें देव निघाला तेव्हां जो कल्लोळ उडाला त्यांत मूर्ति आम्हांस नीट दिसलीहि नाहीं. दिवट्यांचा उजेड, पिवळा धुरळा, आणि माणसांची एक लाट वेशीकडे सरकतांना दिसली. कांहीं पावलें आम्हीहि गेलों. राजमार्गावर मालमोटारींचे दिवे दूरवर एकापाठीं एक चमकत होते.

परंतु आमचें खरें कुतूहल त्या कागदाविषयीं होतें. तो वाचावयास मागण्याचा अधिकार आम्हांस नव्हता आणि आम्हीं मागितलाहि नाहीं. कागदांतील शब्दांपेक्षां कागद होतो ही वस्तुस्थितिच आम्हांस अधिक बोलकी वाटली. दोन गांवचे जबाबदार पुरुष एकमेकांसमोर बसतात. देव केव्हां न्यावयाचा, केव्हां आणावयाचा हें लिहितात. आणि मगच देव हलतो. भक्तीच्या प्रांतांत हें खत-पत्र कशास, असें एखाद्या भाविकास वाटेल. मराठेशाहीचीं दप्तरें ज्यानें चाळलीं आहेत त्यास मात्र येथें जुनी ओळख पटल्यावांचून राहणार नाहीं.

राजवाड्यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापावयास आरंभ केला आणि १९१० मध्यें भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें. या उद्योगांतून जे हजारों कागद उजेडांत आले, त्यांत लढायांचे आणि तहांचे कागद आपण आवडीनें वाचतों. पण त्यांच्याच शेजारीं महजर, करीने, वांटणीपत्रें यांचा केवढा ढीग आहे! एका पाटिलकीचे दोन वांटेकरी झाले म्हणजे होळीस पहिली पोळी कोणी बांधावी, पोळ्यास वेशींतून आधीं बैल कोणाचा जावा, टिळा-विडा प्रथम कोणास, सोनें लुटावयास कोण पुढें, हें कलमवार लिहून त्यावर गोताच्या साक्षी घालीत. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ च्या 'गांव-गाड्या'त या मानपानाच्या पायीं खेडीं कशीं झुरतात याचें कडू चित्र काढलें आहे, आणि तें खोटें नाहीं. आमच्या पिढीनें तर असले कागद वाचून केवळ करमणूक करून घेतली. एका पोळीसाठीं एवढी सभा!

अणदूरच्या ओट्यावर बसलों असतां हें हंसणें आम्हांस प्रथमच पोरकट वाटलें. शेताची वांटणी बांध घालून होते. धान्याची मापानें होते. विहिरीच्या पाण्याचीहि पाळी लावतां येते. परंतु मान ही अशी वस्तु आहे कीं तिचे दोन तुकडे केले तर दोन अर्धे मान होत नाहींत. दोन्ही ठिकाणीं अपमानच होतो. म्हणून आमच्या पूर्वजांनीं मान अखंड ठेवून त्याचा क्रम वांटला, वेळ वांटली, वर्षें वांटलीं. देवाचें तेंच. मूर्तीचे दोन भाग करतां येत नाहींत; वर्षाचे करतां येतात. दुसरी मूर्ति घडवून दोन्ही देवळें बारमास भरलेलीं ठेवणें अगदीं सोपें होतें. पाथरवटांचा महाराष्ट्रांत कधींच दुष्काळ नव्हता. तसें केलें असतें तर तंट्याचें मूळ खुंटलें असतें, पण दोन गांवांचा एक देव न राहतां दोन गांवांचे दोन देव झाले असते.

मग एकदांच कायमचा कागद करून कां ठेवीत नाहींत? येथें आम्ही अनुमानानें बोलत आहों, आणि तें अनुमान वाचकांनीं पारखून घ्यावें. कायमचा कागद हा हक्क निर्माण करतो. ज्याच्याजवळ हक्क आहे तो मागावयास येत नाहीं, उचलून नेतो. प्रत्येक खेपेस नवा कागद करावयाचा म्हटलें कीं मार्गशीर्षांत नळदुर्गकरांस अणदूरच्या दारीं यावें लागतें, आणि पुढें अणदूरकरांस आपलाच देव मागावयास नळदुर्गाच्या दारीं जावें लागतें. वर्षांतून एकदां हे याचक आणि ते दाते. एकदां ते याचक आणि हे दाते. दहा महिने देव ज्याच्या घरीं असतो तोहि स्वतःस धनी म्हणवूं शकत नाहीं, आणि दोन महिने ज्याच्याकडे असतो तोहि पाहुणचारापुरता लहान होत नाहीं. तंटा होऊं शकतो हें ओळखूनच दोन्ही गांवें कागद करतात; तो होणारच नाहीं अशी भाबडी कल्पना त्यांत नाहीं.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचें तर कलकत्त्याचें पाहावें. तेथील मलिक घराण्यांत कुलदैवताच्या पूजेच्या पाळ्या होत्या. आपल्या पाळीच्या काळांत मूर्ति स्वतःच्या राहत्या घरीं नेण्याचा अधिकार आपणांस आहे असें एका भागीदारानें म्हटलें, इतरांनीं तें नाकारलें, आणि वाद चढत चढत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला. १९२५ मध्यें त्याचा निकाल झाला. आपल्याकडील कायद्यांत देव ही एक व्यक्ति आहे. कोठें राहावें याविषयीं त्या व्यक्तीची इच्छा विचारांत घेतली पाहिजे. आणि ती इच्छा मांडण्यासाठीं देवाच्या वतीनें एक निःपक्षपाती मित्र उभा केला पाहिजे, असें त्या न्यायाधीशांनीं ठरविलें. कायद्याच्या विद्यार्थ्यांस हा खटला पाठ असतो. सातासमुद्रांपलीकडे बसून परधर्मी न्यायमूर्तींनीं हिंदु देवाच्या इच्छेचा असा गंभीरपणें विचार करावा, याचें आम्हांस कौतुक वाटतें. पण बारीच्या खलाशांनींहि संताच्या इच्छेचाच आधार घेतला होता, हें येथें स्मरणांत ठेवावें. देवाची इच्छा ही मोठी सोयीची वस्तु आहे. जो बोलतो त्याच्या मुखानें ती बोलते. अणदूरच्या मानकऱ्यांनीं देवास साक्षीच्या पिंजऱ्यांत उभें केलेलें नाहीं. इच्छा माणसांची, शब्द माणसांचा, सह्या माणसांच्या. देव फक्त प्रवास करतो.

मराठी भक्तीच्या इतिहासांत मूर्ति हलविण्याची दुसरी कथा सर्वांस ठाऊक आहे. पंढरीचा विठोबा कृष्णदेवरायानें विजयनगरास नेला आणि एकनाथांचे पणजे भानुदास यांनीं तो परत आणला, असें परंपरा सांगते. तेथेंहि राजा बलानें नेतो आणि भक्त प्रेमानें सोडवून आणतो. मधें कागद नाहीं. ती कथा कीर्तनांत रंगते. अणदूरच्या कागदावर कीर्तन रंगणार नाहीं, हें आम्हांसहि मान्य आहे.

ज्या रस्त्यानें ही ये-जा चालते त्याचा इतिहास मात्र चांगलाच रंगतदार आहे. नळदुर्गाच्या किल्ल्यांत बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ च्या सुमारास, धरण घालून त्याच्या पोटांत पाणीमहाल बांधला. पावसाळ्यांत धरणावरून 'नर' आणि 'मादी' असे दोन धबधबे कोसळतात आणि आंतील सज्जांत बसलेला मनुष्य कोरडा राहतो. विजापूरकरांमागून मोंगल आले, मोंगलांमागून निजाम. १८५३ च्या तहानें हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत गेला तेव्हां मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गास राहून कारभार पाहूं लागला. तुळजापूर आणि नळदुर्ग यांस त्यानें पुढें 'तारा' या इंग्रजी कादंबरींत स्थान दिलें. १८६० मध्यें मुलूख पुन्हां निजामाकडे गेला. शेवटीं १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य सोलापुराहून याच रस्त्यानें निघालें आणि पहिल्याच दिवशीं त्यानें नळदुर्गाजवळचा बोरीवरील पूल हस्तगत केला. एवढ्या सत्ता या चिमुकल्या टापूनें पाहिल्या, आणि प्रत्येकीनें आपापलें दप्तर मागें ठेविलें. खंडोबाच्या कागदास त्यांतील कोणाच्याहि मोहरेची गरज नाहीं. सुलतानांचे शिलालेख आणि साहेबाचें आत्मचरित्र आम्हीं अभ्यासक्रमांत घेतलें. या दोन गांवांच्या घराघरांतून आणि देवळाच्या पेट्यांतून वर्षावर्षांचे जे करार असतील, ते मिळतील तितके तारीखवार नकलून ठेवण्याचें काम कोणा तरुण संशोधकानें अंगावर घ्यावें, अशी आमची कळकळीची इच्छा आहे. कोणत्या वर्षीं कोण मानकरी होते, कोणती अट वाढली, कोणती गळाली, एवढें जरी कळलें तरी या टापूंतील सामाजिक इतिहासाचें एक पान लिहून होईल. वाळवीस आणि ओलीस आमच्याइतका आळस नसतो.

पौषांत आम्ही पुन्हां गेलों, तें मैलारपुरास. पौर्णिमेस दुरून दुरून मानाच्या काठ्या नाचवीत आणतात. नदीकांठीं राहुट्यांचें गांव उठतें. त्याच पौर्णिमेस तुळजापुरीं शाकंभरी नवरात्राची समाप्ति असते, जेजुरीस गाढवांचा मोठा बाजार भरतो, आणि साताऱ्याकडे पालीस याच सुमारास देवाचें म्हाळसेशीं लग्न लागतें. त्याआधीं मार्गशीर्षाच्या अखेरीस नांदेडकडील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत घोडे, उंट आणि गाढवें यांची गर्दी उसळलेली असते. घोड्यावर बसणारा आणि कुत्रा जवळ बाळगणारा हा देव, जनावरांवर जगणाऱ्या लोकांस आपलासा वाटावा यांत नवल नाहीं. इटलींतील खेड्यांतून १७ जानेवारीस सेंट अँथनीचा सण पाळतात. त्या दिवशीं गाई, घोडे, कुत्रीं देवळापुढें आणून त्यांस पाद्री आशीर्वाद देतो. आदल्या रात्रीं होळ्या पेटवितात, आणि दक्षिणेकडील नोव्होली गांवीं तर द्राक्षवेलींच्या मोळ्यांचा डोंगर रचून तो पेटवून देतात. सुगी हातीं यावयाची आहे, रात्री थंड आहेत, जनावरें धडधाकट राहिलीं पाहिजेत: एवढ्या काळजीवर दोन खंडांतील शेतकऱ्यांचे दोन सण उभे आहेत. साम्य याहून पुढें ताणण्यांत स्वारस्य नाहीं.

एक गोष्ट मात्र गाळतां येत नाहीं. मैलारपुराच्या वाळवंटांत गाणें ऐकत असतां आमच्या मनांत मुरळीचा विचार आला. नवस म्हणून मुली या देवास वाहिल्या जात, आणि त्या मुलींच्या वतीनें कोणींहि कधीं कागद केला नाहीं. महर्षि विठ्ठल रामजी शिंदे यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं जेजुरीच्या मुरळ्यांची स्थिति चव्हाट्यावर आणली. १९३४ मध्यें मुंबई इलाख्यांत देवदासींसाठीं कायदा झाला, पण हा टापू तेव्हां निजामाचा. त्या कायद्याचा हात येथवर पोंचत नव्हता. संपूर्ण महाराष्ट्रासाठीं कायदा व्हावयास २००५ साल उजाडलें. ज्या समाजानें देवाचा एकेक दिवस तोलून वांटला, त्यास त्याच देवाच्या अंगणांतील पोरीचें आयुष्य तोलण्याचें सुचूं नये! करार मानकऱ्यांत होतात. ज्यांस मान नाहीं त्यांचें नांव त्यांत येत नाहीं. आमच्या जुन्या महजरांविषयीं आम्हीं वर जें कौतुकानें लिहिलें, त्याच्या शेजारीं हें वाक्य वाचकांनीं ठेवावें.

परततांना आम्ही मुद्दाम अणदूरास उतरलों. यात्रेची खूण म्हणून पायऱ्यांच्या सांध्यांतून थोडा भंडारा तेवढा राहिला होता. शाळू निसवली होती आणि बांधांवर हुरड्याच्या आगट्या दिसत होत्या. गाभारा झाडून स्वच्छ केलेला होता. तेवढ्यांत बाहेरगांवचें एक कुटुंब मोटारींतून आलें. नवें जोडपें, हातांत नारळ, बरोबर वडील माणसें. त्यांस येथला प्रकार ठाऊक नव्हता. अंगणांत धान्य निवडीत बसलेल्या एका बाईनें मान वर करून सांगितलें, "देव नळदुर्गाला गेलाय. येईल म्हैनाभरात." घरचा कर्ता माणूस कामाला गेला आहे, असें सांगावें तसा तिचा स्वर होता. मंडळींनीं आपसांत थोडी चर्चा केली, नारळ पुन्हां पिशवींत घातला, आणि पुढचा रस्ता विचारून घेतला.